पोटफुगीत आधी छाती ऐकणाऱ्या आमच्या बाई

डॉ. कुमुद देवपुजारी यांना मी प्रथम पाहिले ते दुर्गजवळच्या खुर्सीपारला, आमच्या गल्लीत, गोवर्धनपूजेच्या दुपारी. त्याच दुपारी आमची गाय मेली. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, हे मला कळते. पण बाईंची आणि माझी ओळख दुसऱ्या एखाद्या चांगल्या प्रसंगी झालेली नाही, आणि खोटी सुरुवात लिहिली तर बाई मला पहिल्याच ओळीवर थांबवतील.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी पशुवैद्यक नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली. बोरसीच्या दवाखान्यात बाईंच्या हाताखाली जनावर धरणे, नळ्या उकळणे आणि जनावराचे श्वास मोजणे ही माझी कामे. या लेखात शास्त्राचे जे आले आहे ते सगळे बाईंकडून ऐकलेले आहे, आणि लिहिण्यापूर्वी मी ते पुन्हा विचारून घेतले आहे. तरीही काही चुकले असेल तर ती चूक माझी समजावी.

आपल्याकडे गोवर्धनपूजेला गाईबैलांना नव्या तांदळाची खिचडी चारतात. पद्धत छत्तीसगडी घरांची, पण प्लँटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या, नोकरीसाठी विदर्भातून आलेली आमच्यासारखी घरेही आता ती पाळतात. घरटी एक घास दिला तर काही बिघडत नाही; जास्त झाला की भात पोटात आंबतो आणि हवा धरते. पण आमच्या गल्लीत तेव्हा गाय एकच उरली होती, आणि पुण्य सगळ्यांना हवे होते. जो तो टोपले घेऊन आमच्या दारात. आई "पुरे, पुरे" म्हणत राहिली. समोरच्या काकू म्हणाल्या, "कावून व? त्यांची खिचडी खाल्ली तुमच्या गाईनं, आमची काय कडू हाये?" आईने त्यांचेही टोपले गाईपुढे ठेवले.

दुपारपर्यंत गाईची डावी कूस पाठीच्या वर आली. मान लांब झाली, जीभ बाहेर. गल्लीतले बहुतेक लोक प्लँटमधले, आणि प्लँटमधल्या माणसाला प्रेशर म्हणजे काय ते कळते. निवृत्त फिटर मेश्रामकाका पोटावर टिचकी मारून म्हणाले, "पाय, ढोल वाजून राहिला. वॉल्व्ह खोलल्याशिवाय प्रेशर उतरत नसते." दोघातिघांनी गाय आडवी पाडली, मी तिचे डोके धरून बसलो. काकांनी घरून टोकदार सळी आणली आणि कुशीत घातली. हवा अशी सुटली की जवळ उभे असलेले मागे सरले. पोट डोळ्यांदेखत उतरले आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या.

आईने आधीच निरोप धाडला होता, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी बाईंची मोपेड आली. बाईंनी पोटाकडे पाहिलेच नाही. त्या सरळ गाईच्या पुढच्या पायांजवळ खाली बसल्या आणि कोपराच्या मागे छातीला ऐकायची नळी लावली.

"टाळ्या बंद करा," त्या म्हणाल्या. "मले ऐकू येऊन नाही राहिलं."

टाळ्या थांबल्या.

"हिले उभी करा. आधी उभी करा. कोणी पाडली हिले?"

दोरी घालून उचलायचा प्रयत्न झाला. गाय पुढच्या गुडघ्यांवर आली आणि तिथूनच कोसळली. बाई नळी लावून बराच वेळ बसून राहिल्या. मग उठल्या आणि आईकडे पाहून नुसती मान हलवली.

मेश्रामकाका सळी हातात धरून उभे होते. "बाई, पोट तर उतरलं ना! मग कावून मेली?"

एवढ्या लोकांसमोर त्या माणसाला झापायला कोणतीही अडचण नव्हती. त्याने चूक केली होती, आणि चूक दिसत होती. पण बाईंनी काकांना ओट्यावर बसवले आणि आईकडे पाणी मागितले, ते काकांसाठी. मग म्हणाल्या, "काका, ती बॉयलर नव्हती. फुगलेल्या पोटानं रक्त दाबून धरलं होतं. पोट एकदम ढिलं पडलं की रक्त तिकडेच धावतं, छातीकडे येतच नाही. हळू सोडायला पाहिजे होतं. पण हळू सोडलं असतं तरी जगली असती, असं मी नाही म्हणत. ती आधीच किती थकली होती ते मले माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. गाय नव्हती, औषध द्यायचे नव्हते. आईजवळ बसून त्यांनी चहा घेतला. जाताना मला विचारले, "तू काय करतो?" मी म्हणालो, "काही नाही." त्या म्हणाल्या, "काल सगळ्यांनी गाय सोडली, तू तिचं डोकं नाही सोडलं. मले जनावर धरणारा माणूस पाहिजे. ये उद्यापासून." मी गेलो. तेव्हापासून जातो आहे.

बाईंच्या कामाविषयी लिहायचे तर पोटातल्या दाबाविषयी लिहावे लागते. तरुणपणी पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी हाच विषय घेतला होता: जनावराच्या पोटातला दाब वाढला की हृदयाचे आणि फुप्फुसांचे काय होते. दुर्गला वडिलांना अर्धांगवायू झाला, घरी करणारे कोणी नव्हते, म्हणून त्या परत आल्या आणि अभ्यास मध्येच राहिला. एका सद्गृहस्थांनी मला सुचवले होते की लेखात "मोलाचे संशोधन" असे लिही. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अर्धवट राहिलेल्या गोष्टीले अर्धवटच म्हणावं." म्हणून तसेच लिहितो.

पण जे त्या शिकल्या ते त्यांनी गोठ्यागोठ्यात वापरले. पोट आणि छाती यांच्यामध्ये एक पडदा असतो. पोट फुगले की पडदा पुढे ढकलला जातो, आणि फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही. त्याच वेळी पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते. हृदय घाबरून जोरात पळते, पण न्यायला रक्तच पुरेसे नसते. "रिकाम्या ट्रॉल्या पळवून राहिलं," असे बाई प्लँटवाल्यांना सांगतात, आणि ते त्यांना लगेच समजते. म्हणून फुगलेले जनावर पोटाने मरते असे दिसते, पण मरते ते छातीत. बाईंच्या कामाची सगळी रीत यातून आली आहे. जनावर पाडायचे नाही, उभे ठेवायचे. पुढचे पाय पायरीवर किंवा उंचवट्यावर घ्यायचे, म्हणजे पोटाचा भार छातीवरून मागे सरकतो. जीभ ओढून, तोंड वर करून तेल ओतायचे नाही, ते फुप्फुसात जाते. आणि हात लावण्याआधी छाती ऐकायची.

हे लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. एकदा एका गोठ्यावर मालक अडून बसला. "बाई, म्हैस पोटाची बिमार हाये आन तुमी छाती पाहून राहिल्या. पोटाचा आन श्वासाचा काय संबंध?" बाईंनी त्याच्याच खांद्यावरचा गमछा घेतला, त्याच्या पोटावर गुंडाळला आणि मला गाठ आवळायला सांगितली. मी आवळली. "अजून," बाई म्हणाल्या. मी अजून आवळली. "आता मार म्हशीले हाक. जोरात." त्याने तोंड उघडले, पण हाक काही गोठ्याबाहेर गेली नाही. चेहरा लाल झाला. बघायला जमलेले लोक हसत सुटले. त्याची बायको दारातून म्हणाली, "बाई, गाठ तशीच राहू द्या. घरात शांती राहील." म्हशीच्या तोंडातून पोटात हवा काढायची नळी घालेपर्यंत तो माणूस गमछा हातात घेऊन गुपचूप उभा राहिला, आणि पुढे आसपासच्या गोठ्यांवर हाच प्रयोग तो स्वतः इतरांवर करू लागला.

नळीने हवा निघाली नाही आणि वेळ उरला नाही, तेव्हाच बाई कुशीत टोकदार नळी घालतात. तिला ट्रोकार म्हणतात. आत गेल्यावर टोक काढून घेतात, पोकळ नळी राहते, आणि तिच्या तोंडावर बाईंचा अंगठा असतो. थोडी हवा सोडायची, अंगठा ठेवायचा, छाती ऐकायची. पुन्हा थोडी. त्या वेळी मालकाचा जीव राहत नाही. "सोडून द्या ना बाई एकदाची!" बाई उत्तर देत नाहीत. त्यांच्या कानात नळी असते आणि त्या जनावराकडेही पाहत नाहीत, समोरच्या भिंतीकडे पाहतात. मी त्या वेळी कुशीची हालचाल पाहून श्वास मोजतो. त्या अंगठ्याखाली वाचलेली जनावरे पुष्कळ आहेत. न वाचलेलीही आहेत, आणि बाईंना ती जास्त लक्षात आहेत. सत्कारासाठी एखादा आनंदाचा प्रसंग सांगा म्हटले तर त्या अजूनही एखाद्या मेलेल्या बैलाची गोष्ट सांगतात.

मेश्रामकाकांचेही इथेच सांगतो. पुढच्या वर्षी गोवर्धनपूजेला ते सकाळीच बाईंच्या दारात उभे राहिले आणि दर वर्षी राहत आले. दोघे गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात. काका दारोदार सांगतात, "गाईले चारा घाला, खिचडी तुमी खा. मी एक गाय मारली हाय, तुमी नोका मारू." एकदा एका घरातल्या आजी चिडल्या, "काका, देवाच्या कामात खोडा घालून राहिले तुमी!" आणि दार लावून घेतले. तेव्हा बाई काकांना म्हणाल्या, "मारली-मारली म्हणू नका हो. लोक घाबरतात, मग ऐकत नाहीत." काका म्हणाले, "मग काय म्हणू?" दोघे पुढच्या दारी गेले.

बाईंचा एक गुण असा की त्या खोटी आशा देत नाहीत. त्यामुळे काही लोक दुखावले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या सत्यासोबत जे देता येईल ते देतात. हुडको वसाहतीतले नायर अंकल, प्लँटमधून निवृत्त झालेले फोरमन, आपला म्हातारा कुत्रा घेऊन आले होते. हृदय कमजोर होऊन त्याच्या पोटात पाणी साचले होते. अंकल म्हणाले, "डॉक्टर साहब, ये सोता नहीं है. बैठे-बैठे कुर्सी पे सिर टिका देता है, फिर उठ जाता है." आडवे पडले की पाणी पडद्यावर येते आणि श्वास कोंडतो, म्हणून तो झोपत नव्हता. बाईंनी त्याला उभे ठेवून सुईने पाणी काढायला घेतले. फार हळू काढले, मध्ये थांबून, आणि सगळे काढले नाही. मग त्याला खाली सोडले. तो दोन पावले चालला, दवाखान्याच्या फरशीवर कुशीवर आडवा झाला आणि घोरू लागला.

अंकल विचारू लागले, "ठीक हो गया?"

"नहीं. पानी फिर भरेगा."

"कितने दिन में?"

"पता नहीं."

अंकल कुत्र्याकडे पाहत राहिले. "आज तो सोएगा ना?"

"आज सोएगा."

"तो ठीक है," अंकल म्हणाले, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून दवाखाना बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाकावर बसून राहिले. बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि मला हळू आवाजात बोलायला सांगितले. तो कुत्रा पुढे काही वेळा आला. नंतर अंकल एकटे आले, आभार मानायला.

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. पुढचे लिहू नये असे आपल्या गौरव समितीतल्या काही वडीलधाऱ्यांचे मत होते. गौरवग्रंथात आजारपण शोभत नाही, असे ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला आहे. मी बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "सगळ्या बोरसीले माहीत आहे. पुस्तकातच कावून लपवून राहिले?" म्हणून त्यांच्या परवानगीने लिहितो.

या वर्षी बाईंचे यकृत खराब झाल्याचे निदान झाले. फार जुन्या काविळीचा परिणाम असावा असे रुग्णालयातल्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. पाय सुजले, मग पोटात पाणी साचू लागले. ते मला आधी कळले नाही. एका सकाळी वासराची छाती ऐकायला त्या वाकल्या आणि पटकन सरळ होता येईना. टेबल धरून उभ्या राहिल्या. मी सवयीने त्यांच्या श्वासाकडे पाहत होतो. त्यांना ते दिसले.

"माझे मोजतो का रे?"

मी मान खाली घातली.

"वासराचे मोज."

त्या दिवसापासून त्या वासरापुढे वाकलेल्या नाहीत. नळी मी लावतो आणि कानाची टोके त्यांच्या कानात देतो. त्या खुर्चीत बसून ऐकतात. झोपायचे म्हणाल तर आडवे पडता येत नाही. उशांची चळत लावून बसल्या बसल्या डोळा लागतो, पुन्हा उघडतो. त्यांच्यासोबत राहणाऱ्या त्यांच्या भावजय, नंदावहिनी, पहाटे दार उघडतात तेव्हा बाई जाग्याच असतात.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढून घ्या म्हणून सांगितले. बाई नको म्हणाल्या. पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू, असे त्या म्हणतात. पण कार्यक्रमाला अवकाश आहे, आणि त्यांचा श्वास दिवसेंदिवस आखूड होतो आहे. वहिनी चिडून म्हणाल्या, "जन्मभर लोकाच्या गाईले टोचत फिरल्या, आन आता सुई पाहून पळून राहिल्या!" बाई म्हणाल्या, "गाय बांधलेली असते व. मी मोकळी आहे, म्हणून पळतो." वहिनींना हसू आले आणि त्या डोळे पुसत आत गेल्या.

वहिनी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "दिनेश, मले भीती वाटते."

मी बाईंना फुगलेल्या सांडाच्या शिंगांसमोर उभे राहिलेले पाहिले आहे. त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"गाईले काही माहीत नसते. मले सगळं माहीत आहे. पाणी उतरताना छाती कशी रिकामी होते ते मी कानांनी ऐकलं आहे. आन एवढं करून ते पुन्हा भरणारच. कोणाले फसवू मी?"

मी शिकलेला नाही, आणि शिकलेला असतो तरी बाईंना बाईंच्याच विषयात काय सांगणार होतो? मी फक्त सायकल काढली आणि खुर्सीपारला जाऊन मेश्रामकाकांना घेऊन आलो.

काका बाईंच्या समोर वेताच्या मोढ्यावर बसले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? एकदम सोडलं त मरते, हे कोणं सांगतलं?"

"मी."

"आन हळू सोडलं त?"

बाईंनी पाठीमागची उशी सरळ केली.

"ते बी तुमीच सांगतलं. एवढ्या वर्षांत हजार दारात सांगतलं. मी संग होतो. मग आमी जे मानलं ते तुमी कावून नाही मानत?"

"काका, तुमी वकील व्हायले पाहिजे होते."

"वकिलाले पेन्शन नसते," काका म्हणाले.

बाई हसल्या, पण हसता हसता दम लागला. होकार त्यांनी त्या दिवशी दिला नाही. काका निघताना माझ्या कानात म्हणाले, "मी एक मरताना पाहिली हाय बाबू. दुसरी नाही पाहू शकत." मी त्यांना घरी सोडून आलो.

त्यानंतर मी हा लेख लिहायला बसलो. नायर अंकलच्या कुत्र्यापर्यंत आलो आणि थांबलो, कारण माझे सगळे म्हणणे तिथेच होते. पाणी पुन्हा भरणार, हे सुईला हात लावण्याआधीच बाईंना ठाऊक असूनही त्यांनी ते काढले होते. तेव्हा त्या कोणाला फसवत नव्हत्या. एका म्हाताऱ्या जनावराला एक दिवसाची झोप देत होत्या. मग स्वतःलाच ती का नाकारतात?

हे तोंडाने बोलायचे धाडस मला झाले नाही. म्हणून लिहून नेले आणि लेख तपासायचा आहे असे सांगून वाचून दाखवला. वहिनी दाराशी उभ्या होत्या. बाई उशांना टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. सुरुवातीला एकदा थांबवून म्हणाल्या, "गल्लीतलं फार गोड नको करू. मले राग आला होता काकांचा. दिसू दिला नाही, एवढंच." ते मी इथे नोंदवतो. गमछ्याच्या गोष्टीला त्या हसल्या नाहीत, मला वाटले झोप लागली. कुत्र्याचे आणि त्यापुढचे प्रश्नाचे वाक्य वाचून झाल्यावर मी कागद खाली ठेवला.

"पुढं?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"पुढे नाही लिहिलं बाई. शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं."

"कोणाच्या भरवशावर?"

मी कागद पुन्हा उचलले.

"नंदा," त्यांनी हाक मारली, "त्या डॉक्टरले फोन कर. मंगळवारी येतो म्हणा. सकाळचं. आन विचार, किती काढणार आन किती वेळात काढणार. घाईत असेल त दुसरा दिवस दे म्हणा."

वहिनी फोन शोधत आत पळाल्या. बाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. "आन तू. हे सगळं करून काही बरं होऊन नाही राहिलं, हे लिही. लोकाले वाटेल बाई सुधारून राहिल्या. तसं नाही."

"लिहितो."

"भीती गेली नाही, हेही लिही."

"लिहितो, बाई."

लिहिले आहे.

मंगळवार अजून यायचा आहे. रुग्णालयात न्यायला मेश्रामकाकांच्या पुतण्याची गाडी ठरली आहे. हे पुस्तक तुमच्या हातात पडेल तोवर तो दिवस होऊन गेला असेल. त्या दिवशी काय झाले ते तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. मला आज माहीत नाही, आणि हे शेवटचे परिच्छेद मी त्या न-कळण्यातच लिहितो आहे. अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य मागायची रीत आहे. मी ते मागितले तर बाई पेनाने रेघ मारतील, आणि त्यांचे बरोबर असेल. जे शरीर देऊ शकत नाही ते देवाकडे मागून मोकळे होणे त्यांना कधी पटलेले नाही.

म्हणून, सर्व मंडळींच्या वतीने, माझ्या आईच्या आणि मेश्रामकाकांच्या वतीने, मी एवढेच मागतो. मंगळवारी सुई धरणारा हात घाईचा नसो. त्या रात्री बाईंच्या पलंगावर एकच उशी असो. त्या कुशीवर आडव्या होवोत, त्यांना गाढ झोप लागो, आणि पहाटे नंदावहिनींनी दार उघडले तरी ती मोडू नये. दवाखाना उशिरा उघडला तरी चालेल. गाईवाल्यांना मी बाकावर बसवून ठेवीन आणि हळू बोलायला सांगेन. एवढी एक रात्र त्यांना मिळाली, की मग पुढचे आयुष्य आपण सगळे मिळून मागू.